सहाव्या लिफाफ्यातलं पान

डॉक्टरांनी कागद खिडकीपाशी नेला. आधी लांब धरला, मग नाकाजवळ धरला.

"फारच बारीक लिहिलंय तिनं," ते म्हणाले. "मला काही दिसत नाही."

"आणा इकडे," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा सरळ केला, कागद पालटला, पुन्हा पालटला आणि ताटल्यांच्या मधे ठेवून दिला.

"डॉक्टर, यावर काही लिहिलेलंच नाही."

दुपारचे दोन वाजत आले होते. टेबलाभोवती पाच माणसं होती. डॉक्टरांनी माळी दिसावं म्हणून गळ्यात मळका रुमाल बांधला होता. बाईंच्या अंगावर स्वयंपाकिणीचा एप्रन होता. बाइंडरच्या मेहुणीला श्रीमंत मैत्रिणीचं काम आलं होतं, तिनं तीन हार घातले होते. त्याची लेक नर्स झाली होती. आणि टेबलाच्या टोकाला पुस्तकं बांधणारा बाइंडर स्वतः बसला होता. त्यानं वेगळं काही घातलं नव्हतं. त्याला घरधन्याचं काम होतं आणि घरधनी तो होताच.

"ताईच ती," मेहुणी म्हणाली. "जाता जाता सगळ्यांना गंडवून गेली."

डॉक्टर हसले. बाई हसल्या. बाइंडर हसला नाही.

"तिनं कोरा कागद ठेवला नसता," तो म्हणाला. "बावीस वर्षांत उत्तर दिल्याशिवाय तिनं कुणाला घरी जाऊ दिलं नाही."

खुनाचा खेळ त्याच्या बायकोचा. वर्षातून एकदा ती घरी जेवण ठेवायची आणि जेवता जेवता खून सोडवायचा असायचा. खून कागदावरचा. प्रत्येक पाहुण्याला आठवडाभर आधी एक लिफाफा मिळायचा. तू कोण, तुला काय माहीत, काय लपवायचं, ते त्यात लिहिलेलं. सगळ्यांनी एकमेकांना प्रश्न विचारायचे, खोटं बोलायचं, शेवटी चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहायचं. मग शेवटचा लिफाफा फोडायचा. त्यात खरं उत्तर.

हा खेळ तिनं अंथरुणात लिहिला होता. सहा आठवडे लागले. रविवार ठरला होता, माणसं सांगून झाली होती, या वेळी लिफाफे वाटायचे तेवढे राहिले होते. बुधवारी ती गेली.

त्याला चौदा महिने झाले. सहा लिफाफे वरच्या खोलीत तिच्या टेबलाच्या खणात तसेच पडून होते. बाइंडर वर जात नसे. तो खाली कामाच्या खोलीत खाटेवर झोपायचा. पण खणात काय आहे ते त्याला माहीत होतं. तिचं सगळं वाचून झालं होतं: पत्रं, याद्या, औषधांच्या वेळा, कॅलेंडरवरच्या खुणा. न वाचलेले हे लिफाफेच उरले होते. तिनं त्याला सांगायचं आणि त्यानं ऐकायचं असं जगात आता तेवढंच बाकी होतं. म्हणून त्यानं चौदा महिने ते राखून ठेवलं होतं.

गेल्या महिन्यात त्यानं ठरवलं. डॉक्टरांना अंधार पडल्यावर दिसत नाही, म्हणून दुपारचं जेवण. मेहुणी म्हणाली, स्वयंपाक माझ्याकडे. लेक दुसऱ्या गावात राहायची. त्यानं तिला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, राहू द्या ना. आईशिवाय कसला खेळ?"

"तिनंच लिहिलाय," तो म्हणाला. "तू ये."

आणि आता टेबलावर कोरा कागद पडला होता.

बाइंडरनं तो उचलला. फोडलेला लिफाफाही उचलला, आणि सगळ्यांनी बरोबर आणलेले आपापले रिकामे लिफाफेही. बाजूचं दार उघडून तो कामाच्या खोलीत गेला आणि मोठ्या दिव्याखाली सगळं ठेवून त्यानं भिंग घेतलं.

बाहेर मेहुणी म्हणत होती, "घ्या. आता खरा खेळ सुरू झाला."

तो दहा मिनिटांनी परत आला. हातात सहाही रिकामे लिफाफे होते. ताटल्या बाजूला सारून त्यानं ते ओळीनं मांडले.

"हा कागद तिचा नाही," तो म्हणाला. "ती माझ्या कातरणीवर लिहायची. पुस्तकं कापली की उरतात त्या जाड पट्ट्या. हा पातळ आहे, आणि वरच्या कडेला बारीक भोकं आहेत. पॅडमधून फाडलेला."

"कुठलं पॅड?" बाईंनी विचारलं.

"आमच्या फोनपाशी ठेवलेलं. कागद तोच. मी लावून पाहिला."

डॉक्टरांनी गळ्यातला रुमाल सोडला. "म्हणजे कुणीतरी बदललं."

"याच घरात बदललं."

"आज?" मेहुणीनं विचारलं.

बाइंडरनं सहावा लिफाफा तिच्यापुढे सरकवला. "ही कड बघ."

चिकटवलेली कड दातरी झाली होती. बारीक बारीक, एखादं नाणं कुरतडल्यासारखी.

"कसर लागलीय," मेहुणी म्हणाली. "खणात लागणारच. मी दर आठवड्याला धूळ पुसते, खणात हात घालत नाही."

"बाकीच्या पाच बघ."

तिनं पाहिल्या. पाचही कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ होत्या.

"सहाही एकाच खणात होते," बाइंडर म्हणाला. "एकाच गठ्ठ्यात, एकाच दोऱ्यात. कसरीनं एकच का खाल्ला?"

लेकीनं ग्लास उचलला, त्यात पाणी नव्हतं, तो परत ठेवला.

"आमच्या धंद्यात खळ लागते," तो सांगू लागला. "पीठ पाण्यात शिजवायचं. पण नुसत्या पिठाची खळ कसरीला आवडते, पुस्तकं खाऊन टाकते. म्हणून मी खळीत मोरचूद टाकतो. निळा दगड असतो, कुटून ठेवलेला. त्यानं कसर जवळ येत नाही. तिनं लिफाफे माझ्या खळीनंच चिकटवले. या पाचांच्या कडेला निळसर झाक दिसेल."

बाईंनी एक लिफाफा उजेडात धरून मान डोलावली.

"सहाव्यालाही आत झाक आहे. जुनी. वाफेनं सोडवलेली. तिच्यावर दुसरा थर आहे, पांढरा. म्हणजे लिफाफा तिनं बंद केला, मग कुणीतरी किटलीच्या वाफेवर उघडला आणि पुन्हा चिकटवला. आणि कसरीला एवढं खायला महिने लागतात. आजचं काम नाही हे. कालचंही नाही. वर्ष झालं असेल."

"मग मी सुटले," बाई म्हणाल्या. "मी तुमच्या या खोलीच्या पुढे कधी आलेच नाही. वरचा जिना पाहिलेला नाही."

"जिना दारातूनच दिसतो, बाई. आणि पुस्तकं दुरुस्त करणं तुम्हाला येतं."

"मला?" बाई हसल्या. "अहो, मी फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावते म्हणून वीस वर्षं तुमच्या शिव्या खातेय. मी असते तर आडवी चिकटपट्टी मारून मोकळी झाले असते."

"ते खरं आहे," बाइंडर म्हणाला. "डॉक्टर, तुम्ही वर गेला होतात?"

"एकदा. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी, ऑक्सिजनचा सिलिंडर न्यायला. दोन हमाल होते बरोबर. त्यांना विचारा. त्यानंतर माझे गुडघे मला कुठल्याच जिन्यावर नेत नाहीत."

"खणाकडे गेलात?"

"बाइंडरबुवा, मला कोरा कागद आणि भरलेला कागद सारखाच दिसतो हे आत्ताच सगळ्यांनी पाहिलं. चोरी करून मी काय वाचणार होतो?"

मेहुणी खुर्चीत सरकली. "आता माझ्यावर येणार. या."

"गठ्ठा खणातून तूच आणलास."

"तुम्ही सांगितलंत म्हणून. तुम्हाला वर जायला नको असतं."

"तुझं आणि तिचं शेवटी शेवटी बोलणं नव्हतं."

"नव्हतं." तिनं एक हार काढून टेबलावर ठेवला. "मी तिला म्हटलं होतं, मोठ्या दवाखान्यात चल. ती म्हणाली, मी माझ्या घरात राहणार. मी चिडले. तीन आठवडे आले नाही. आले तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती. हे तुम्हाला माहीत आहे, भाऊजी. चारचौघांत विचारायची गरज नव्हती."

"विचारावं लागतं."

"मग हेही लिहून घ्या. मला चिकटवायचंच असतं तर डिंकाची बाटली आहे पर्समध्ये. पीठ शिजवत बसायला मला वेळ आहे का?"

बाइंडर तिच्याकडे बघत राहिला.

"बरोबर," तो हळूच म्हणाला. "तेच म्हणतोय मी."

"काय तेच?"

"तो पांढरा थर. तो डिंक नाही, ट्यूबमधला गोंदही नाही. गोंद कसरीला एवढा गोड लागत नाही. ती पिठाची खळ आहे. मोरचूद न घातलेली."

खोलीत पाण्याच्या नळाचा थेंब पडायचा आवाज येत होता. लेक उठली. "मी नळ घट्ट करून येते."

"बस," बाइंडर म्हणाला. "गळू दे."

ती बसली.

तो फोनपाशी गेला आणि पॅड घेऊन आला. त्यानं चार कागद फाडले, प्रत्येकापुढे एक ठेवला, आणि रिकामे लिफाफे वाटले.

"हा कागद दुमडा आणि लिफाफ्यात घाला. एवढंच."

"परीक्षा आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे."

लिफाफे लांबट होते, हाताच्या पंजाएवढे रुंदही नव्हते. डॉक्टरांनी कागदाच्या चार घड्या केल्या. तो लिफाफ्यात अडकला, त्यांनी बोटानं ढकलला, लिफाफा फाटला. बाईंनी आडव्या तीन घड्या केल्या, पत्राच्या करतात तशा, आणि नीट सरकवला. मेहुणीनं तसंच केलं, फक्त वाकडं.

लेकीनं कागद उचलला. दोन्ही तळव्यांवर घेतला आणि अलगद वाकवून पाहिला, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. मग कागद वळवून तिनं उभी घडी धरली.

तिची बोटं तिथंच थांबली. तिनं वर पाहिलं. बाप तिच्याकडे बघत होता.

"हे काय करते ही?" डॉक्टरांनी बाईंना विचारलं.

"कागदाला लाकडासारखी रेष असते," बाइंडर म्हणाला. आवाज नेहमीचा होता. "डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळते. रेषेच्या बाजूनं दुमडला तर घडी गुळगुळीत येते. आडवा दुमडला तर मोडते. बाइंडर आडवी घडी घालत नाही. ही पाच वर्षांची होती तेव्हा मी हिला शिकवलं. आधी कागद हातावर वाकव, कुठल्या बाजूनं ऐकतो ते बघ. हिच्या आईला कधी जमलं नाही. ती म्हणायची, चिठ्ठी आहे रे, पोथी नाही."

त्यानं लिफाफ्यातून निघालेला कोरा कागद मेहुणीच्या आडव्या घडीशेजारी उलगडून ठेवला. त्यावर दोन घड्या होत्या. दोन्ही उभ्या.

"चौघांतलं कुणी असं दुमडत नाही. हिच्याशिवाय."

लेकीनं डोक्यावरचा पांढरा रुमाल काढला.

"आणि खळ?" बाईंनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बाहेरच्या माणसाला लिफाफा चिकटवायचा तर तो दुकानात जातो. या घरात वाढलेली मुलगी चुलीशी जाते. खळ शिजवणं हिला झोपेतही येतं. पण मोरचूद विषारी. हात लावलास तर बघ, असं मीच लहानपणी दरडावलं होतं, डबा उंच फळीवर ठेवला होता. ही चाळिशीला आली तरी त्या डब्याला हात लावत नाही. म्हणून खळ पांढरी राहिली. म्हणून कसर लागली." तो लेकीकडे वळला. "कधी केलंस?"

"आई गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात," ती म्हणाली. "तुम्ही झोपला होतात."

"का उघडलंस?"

"तिचं अक्षर बघायचं होतं. नवीन काहीतरी. तुम्ही राखून ठेवलंत, मला राखवलं नाही. वाचून परत चिकटवणार होते, बाबा. खरंच. वाचलं आणि परत घालता येईना."

"आणि कोरा का घातलास?"

"तुम्ही कधी उघडणार नाही असं वाटलं होतं. तुम्ही सगळं जपूनच ठेवता. मला वाटलं, लिफाफा जाड लागला म्हणजे झालं. आयुष्यभर खणात राहील."

"काय होतं त्यात?" डॉक्टरांनी विचारलं.

लेकीनं नकारार्थी मान हलवली.

"ते मी सांगतो," बाइंडर म्हणाला.

"बाबा, नका."

"ही माझ्याशी आजवर दोनदाच खोटं बोललीय, हे धरून. दोन्ही वेळा मला लागू नये म्हणून. तेव्हा जे होतं ते मला लागणारं होतं, एवढं कळलं. बाकी तुम्हीच सांगितलंत, जेवताना." त्यानं खिशातून चष्मा काढला. "डॉक्टर, माळ्यानं काय पाहिलं?"

डॉक्टरांनी आपलं पान चाचपलं. "वरच्या खोलीत मालकीण मेली. त्या दिवशी खालच्या खोलीत दिवसभर दिवा जळत होता."

"बाई?"

"स्वयंपाकिणीनं तीन वेळा घंटा ऐकली. मालकिणीच्या उशाची. तिला वाटलं, कुणीतरी जाईल."

"तू?"

"मैत्रीण भेटायला आली," मेहुणी म्हणाली. "दार वाजवलं. कुणी उघडलं नाही. आत यंत्राचा आवाज येत होता." ती थांबली. तिनं कामाच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "भाऊजी."

"नर्स सुट्टीवर होती," बाइंडर म्हणाला. "आता माझं पान ऐका. दोनच ओळी आहेत. 'तू दिवसभर खाली होतास. तुला काही ऐकू आलं नाही. विचारलं तर एवढंच सांग.'" त्यानं पान घडी करून ठेवलं. "तुम्ही सगळ्यांनी चिठ्ठीवर नर्सचं नाव लिहिलंत, मैत्रिणीचं लिहिलंत. मी चिठ्ठी कोरी ठेवली. मला आठवडाभरापूर्वीच, लिफाफा उघडला तेव्हाच कळलं होतं. खुनी मी आहे."

"खेळ आहे हा," बाई म्हणाल्या.

"खेळ आहे. यंत्र खरं होतं."

त्यानं कामाच्या खोलीकडे मान वळवली. उघड्या दारातून कागद कापायचं यंत्र दिसत होतं, पात्यावर फडकं टाकलेलं.

"शेवटचे सहा आठवडे मी तिथं होतो. सकाळी जेवण, औषध वर नेऊन द्यायचो आणि खाली यायचो. लोकांना सांगायचो, काम तुंबलंय. काम नव्हतं. तिच्या उशाशी घंटा होती. ऐकू यायची. पहिल्या वेळी जायचो. दुसऱ्या वेळी थोडं थांबून. मग यंत्र चालू करायला लागलो. कापायला काही नसायचं. नुसतंच."

डॉक्टर टेबलाकडे बघत होते. मेहुणीनं उरलेले दोन हार काढले.

"मला तिला तसं बघवत नव्हतं," बाइंडर म्हणाला. "एवढंच. दुसरं कारण नाही."

लेक रडत होती, पण आवाज नव्हता.

"फाडलंस का?" त्यानं तिला विचारलं.

"नाही."

"कुठं आहे?"

तिनं खुर्चीच्या पाठीला अडकवलेली पिशवी मांडीवर घेतली. आतल्या कप्प्यातून जाड कातरणीचा एक तुकडा काढला. आडव्या तीन घड्यांचा, घड्यांवर मोडलेला, कोपरे गोल झालेले. चौदा महिने तो तिच्याबरोबर हिंडला होता.

बाइंडरनं तो घेतला. वाचण्याआधी त्यानं नुसताच पाहिला. अक्षर तिरकं झालं होतं, ओळी खाली घसरत होत्या, पण तिचंच होतं. मग त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'नर्सचं नाव लिहिलं त्यांनी मान खाली घाला. ती बिचारी सुट्टीवर होती. मैत्रिणीचं लिहिलं त्यांनी माझ्या बहिणीची माफी मागा. तिला राग येतो, पण ती दार वाजवते.'"

मेहुणीनं तोंडावर हात ठेवला.

"'खून घरधन्यानं केला. सुरी नाही, विष नाही. वर घंटा वाजत होती आणि तो खाली यंत्र चालवत होता. यंत्रात कागद नव्हता, हे मला वरून कळायचं. कागद असला की आवाज जड येतो. चाळीस वर्षं ऐकतेय. माणूस वाईट नाही, भित्रा आहे. त्याला वाटतं, आपण बघितलं नाही तर ते होत नाही.'"

तो थांबला.

"बास, बाबा," लेक म्हणाली. "म्हणूनच मी काढलं. ती जाताना तुम्हाला दोष देऊन गेली, आणि तुम्ही तो चारचौघांत वाचायचा? मी देऊ शकले नाही."

"जाताना नाही," बाइंडर म्हणाला.

"काय?"

"वर तारीख बघ. त्या रविवारची आहे." त्यानं कागद तिच्यापुढे धरला. "हे पान ती असताना वाचायचं होतं. ती इथं बसणार होती, खाली आणा मला म्हणाली होती. या सगळ्यांसमोर, तोंडावर सांगणार होती. ती मरून दोष द्यायला बसली नव्हती. तिला अजून काहीतरी हवं होतं माझ्याकडून. चार दिवस कमी पडले."

"खाली अजून आहे," बाई म्हणाल्या. त्यांना टेबलापलीकडून शेवटच्या ओळी दिसत होत्या. "शिक्षा असेल."

दर वर्षी पानाच्या शेवटी खुन्याला शिक्षा असायची. एका वर्षी डॉक्टरांनी सगळ्यांच्या ताटल्या धुतल्या होत्या. एकदा बाईंनी गाणं म्हटलं होतं आणि शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली होती.

बाइंडरनं शेवटचं वाचलं. मनात वाचलं. मग त्याला वाटलं, नियम नियम आहे, आणि त्यानं मोठ्यानं वाचलं.

"'शिक्षा: त्यानं वर यावं. खुर्ची ओढून बसावं. बोललं नाही तरी चालेल.'"

त्यानं कागद जसा होता तसाच आडवा दुमडला आणि खिशात ठेवला. लेकीच्या डोक्यावर एकदा हात ठेवला.

"तू उघडलंस तेव्हा उशीर झालाच होता," तो म्हणाला. "तुझ्यामुळे काही बिघडलं नाही. फक्त एक वर्ष मला कळलं नाही."

तो उठला. जिन्याकडे गेला. लेक मागून उठली, पण मेहुणीनं तिचा हात धरला.

"बस. शिक्षा त्यांना आहे, तुला नाही."

"एकटे आहेत गं मावशी."

"माहीत आहे," मेहुणी म्हणाली. "म्हणूनच शिक्षा."

खिडकी बंद राहून वरची खोली कोंदट झाली होती. गादी गुंडाळून ठेवलेली होती. पलंगाच्या लोखंडी पट्ट्या उघड्या होत्या. खिडकीतून दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर पडत होतं. बाइंडरनं टेबलाशी असलेली खुर्ची पलंगापाशी ओढली. खुर्चीच्या पायांचा जमिनीवर मोठा आवाज झाला आणि खालचं बोलणं एकदम थांबलं.

तो बसला. हात गुडघ्यांवर ठेवले. बोलायला काही सुचलं नाही.

खाली हळूहळू ताटल्या उचलल्याचा आवाज यायला लागला. मग नळ. मग डॉक्टरांना कुणीतरी हात धरून दारापुढच्या पायऱ्या उतरवल्याचा. ऊन पलंगावरून सरकत भिंतीवर गेलं.

किती वेळ बसायचं, ते तिनं लिहिलं नव्हतं.